बास मासेमारीत आपली फेक खरोखर किती लांब जाते आणि ते अंतर कसे मोजावे

बास मासा गळाने धरणाऱ्या कोणालाही आपले आमिष किती लांब जाते असे विचारले, तर उत्तर बहुधा चाळीस-पन्नास मीटर असे येते, आणि ते देणारा माणूस खोटे बोलत नसतो. पाण्यावर अंतराचा अंदाज घ्यायला डोळ्याला काही आधारच सापडत नाही. झाड नाही, खांब नाही, जमिनीची चढउतार नाही, त्यामुळे वीस मीटरवर पडलेले आमिषही फार दूर गेल्यासारखे दिसते. मी पहिल्यांदा मोकळ्या मैदानावर टेप अंथरून फेकी मोजल्या, तेव्हा १४ ग्रॅम वजनाच्या आमिषाची जी फेक मला खात्रीने चाळीस मीटरची वाटत होती, ती २७ मीटरवर पडलेली निघाली. आणखी दहा वेळा फेकून पाहिले, तर दहाही फेकी २५ ते २९ मीटरांच्या आत पडल्या. माझ्या मते बास पकडणाऱ्यांच्या रोजच्या फेकींचा खरा पल्ला साधारण १५ ते ३० मीटर एवढाच आहे. त्यापलीकडच्या फेकी होतात, पण त्या ठरावीक आमिषांनी आणि ठरावीक कारणासाठी.

बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मासा. लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ या त्याच्या दोन जाती गळ टाकणाऱ्यांना सर्वांत जवळच्या. त्यामुळे या मासेमारीवरचे बहुतेक लेखन फूट आणि यार्ड यांत असते. एक यार्ड म्हणजे ९१ सेंटिमीटर, म्हणून ३० यार्ड म्हणजे २७ मीटरांहून थोडे जास्त, एवढे लक्षात ठेवले की पुरे. या लेखात मी मीटरच वापरणार आहे.

अंतर मोजायचे कसे

सर्वांत विश्वासार्ह पद्धत मैदानावरची आहे. पन्नास मीटरची टेप सरळ अंथरावी, लाइनच्या, म्हणजे गळाच्या दोरीच्या, टोकाला गळ नसलेले सरावाचे वजन बांधावे, ते आपल्या नेहमीच्या आमिषाच्या वजनाचे असावे, आणि पाठीमागे कोणी उभे नाही याची खात्री करून घेऊन दहा वेळा फेकावे. सर्वांत लांब फेक लिहून ठेवण्याचा मोह होतो, पण तो आकडा उपयोगाचा नाही. दहा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावावेत आणि मधले दोन पाहावेत. पाण्यावर दिवसभर आपला हात ज्या अंतरावर आमिष टाकत असतो, ते अंतर म्हणजे हे मधले आकडे. सर्वांत लांब गेलेली फेक बहुतेक वेळा वाऱ्याची झुळूक आणि हात सुटण्याचा नेमका क्षण जुळून आल्यामुळे गेलेली असते, आणि हे दोन्ही मागणीप्रमाणे पुन्हा मिळत नाहीत.

पाण्यावर असताना टेप नसते, पण लाइन गुंडाळणारी रील असते. हँडलच्या एका फेऱ्यात किती लाइन आत येते, हा आकडा बहुतेक रीलच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात दिलेला असतो. बेटकास्टिंग रीलमध्ये फेकताना स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली चकरी, स्वतः फिरते; हँडलच्या एका फेऱ्याला ती सात वेळा फिरत असेल (सातास एक गुणोत्तर), तर हा आकडा साधारण ७५ सेंटिमीटर असतो. आमिष पाण्यात पडले की सैल लाइन ओढून घ्यावी आणि आमिष रॉडच्या टोकापाशी येईपर्यंत फेरे मोजावेत. समजा ३६ फेरे झाले, तर ३६ गुणिले ७५ म्हणजे २७ मीटर. मात्र येथे एक चूक हमखास होते. खोक्यावरचा आकडा स्पूल काठोकाठ भरलेली असतानाचा असतो. फेक लांब गेली की स्पूलवरची लाइन कमी होते, तिचा घेर लहान होतो, आणि त्यानंतर एका फेऱ्यात कमी लाइन आत येते. सरासरी ७० सेंटिमीटर धरली, तर तेच ३६ फेरे २५ मीटरांचे ठरतात. म्हणून एकदा मैदानावर टेपवर मोजलेल्या फेकीचे फेरे मोजून घ्यावेत आणि आपल्या रीलसाठी आपलाच आकडा काढावा. तो एकदा काढला की पाण्यावर वेगळे गणित करावे लागत नाही.

फेऱ्यांनी मोजलेली लांबी ही लाइनची लांबी असते, सरळ रेषेतले अंतर नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. बाजूने वारा असेल तर लाइन पाण्यावर धनुष्यासारखी वाकते, आणि तीस मीटर लाइन बाहेर असूनही आमिष सव्वीस-सत्तावीस मीटरवर असू शकते. डोळ्याने अंदाज घेण्यासाठी होडीची लांबी हे चांगले माप आहे. बास मासेमारीच्या होड्या साधारण साडेपाच ते साडेसहा मीटर लांब असतात. समोरच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत अशा किती होड्या एकामागे एक लावाव्या लागतील, असा विचार केला की अंदाज पुष्कळ सुधारतो. चार होड्यांपलीकडे काही दिसत असेल, तर ते आपल्या रोजच्या पल्ल्याच्या कडेला आले आहे असे समजावे.

कोणते आमिष किती जाते

फेकीचे अंतर हाताच्या जोरापेक्षा आमिषाच्या वजनावर आणि आकारावर अधिक ठरते. स्पिनरबेटवर पाती असतात, त्याच्या तारेचा आकार पसरट असतो, त्यामुळे वजन १० ते १४ ग्रॅम असूनही हवा त्याला अडवते, आणि ते साधारण २० ते २८ मीटरवर थांबते. क्रँकबेट म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचे कठीण आमिष; तेवढ्याच वजनाचे, पुढे ओठासारखी पट्टी नसलेले क्रँकबेट आटोपशीर आणि घट्ट असते. तेच हात, तीच रॉड, तरी ते तीस-पस्तीस मीटर सहज जाते. वजन न लावलेला मऊ प्लास्टिकचा किडा हलका असल्यामुळे १५ ते २२ मीटरांत राहतो. खोल जाणारे वीसेक ग्रॅमचे मोठे क्रँकबेट लांब रॉडवर चाळीस मीटरच्या आसपास जाऊ शकते, आणि बास मासेमारीत खरोखर लांब म्हणता येईल अशी फेक बहुधा याच आमिषाची असते. समुद्रकिनाऱ्यावरून सव्वाशे ग्रॅमचे वजन फेकणारे स्पर्धक दोनशे मीटरांपलीकडे जातात ही गोष्ट खरी आहे, पण ते वजन, ती रॉड आणि तो हेतू वेगळा असल्यामुळे त्या आकड्यांशी आपली तुलना करण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या टोकाला अगदी जवळच्या फेकी आहेत. फ्लिपिंगमध्ये लाइनचा फास हातात धरून आमिष लंबकासारखे झोके देत तीन ते सहा मीटरवर सोडले जाते. पिचिंगमध्ये हाताखालून सोडलेले आमिष पाण्याला लागून पाच ते बारा मीटर जाते. कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी १९७० च्या दशकात फ्लिपिंगला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि १९७५ साली आर्कान्सामधल्या बुल शोल्स तलावावरची मोठी स्पर्धा याच पद्धतीने जिंकली. दोन होड्यांच्या अंतरात राहूनही बासची स्पर्धा जिंकता येते, हे त्यामुळे सर्वांसमोर आले. फेकीच्या लांबीवर बोलताना ही गोष्ट मला नेहमी आठवते.

लांब फेक केव्हा लागते

लांब फेकीचे सर्वांत भक्कम कारण खोल जाणारे क्रँकबेट आहे. हे आमिष पाण्यात पडल्याबरोबर आपल्या खोलीवर पोहोचत नाही. ओढायला लागल्यावर ते तिरके खाली उतरत जाते, मग काही अंतर आपल्या पूर्ण खोलीवर चालते, आणि होडीजवळ येताना लाइनच्या कोनामुळे पुन्हा वर चढते. समजा उतरायला ८ मीटर आणि चढायला ८ मीटर लागले, तर २० मीटरच्या फेकीत आमिष तळाशी केवळ ४ मीटर चालते. तीच फेक ३० मीटर गेली तर तळाशी १४ मीटर मिळतात. फेक दीडपट झाली आणि कामाचे अंतर साडेतीनपट झाले. म्हणून या आमिषासाठी शेवटचे पाच मीटर मिळवण्याची धडपड करणे सार्थ आहे. बारीक लाइन वापरल्यासही ते थोडे अधिक खोल जाते, कारण पाणी जाड लाइनला जास्त अडवते.

दुसरे कारण स्वच्छ पाणी. तळ स्पष्ट दिसत असेल, पाणी उथळ असेल आणि वारा पडलेला असेल, तर बास होडीची सावली आणि हालचाल लांबून टिपतो. खडकाळ उथळावरचा स्मॉलमाउथ याबाबतीत विशेष सावध असतो. अशा ठिकाणी वीस मीटरवरून जो मासा दूर सरकतो, तो पस्तीस मीटरवरून आमिष घेतो. पृष्ठभागाजवळ छोट्या माशांच्या थव्यावर तुटून पडणारे बास हे तिसरे कारण. होडी जवळ नेली की ते खाली बुडतात, त्यामुळे दुरूनच आमिष पोहोचवावे लागते.

पाणी गढूळ असेल तर मात्र हे सगळे उलटे होते. पाण्यात हात घातल्यावर बोटे दिसेनाशी होत असतील, तर बास बुंध्याला, गवताला, धक्क्याच्या खांबाला चिकटून बसलेला असतो आणि आमिष त्याच्या तोंडापाशी गेले तरच घेतो. येथे आठ मीटरवरून बिनआवाज टाकलेले जिग, म्हणजे जड डोक्याच्या गळाचे आमिष, तीस मीटरच्या फेकीपेक्षा कितीतरी कामाचे असते. नेमकेपणाचे गणितही हेच सांगते. हात सुटताना दिशा तीन अंशांनी चुकली, तर १२ मीटरवर आमिष सुमारे ६० सेंटिमीटर बाजूला पडते आणि ३० मीटरवर दीड मीटरहून अधिक. ज्या खाचेत मासा बसला आहे ती खाच हातभर रुंद असेल, तर तीस मीटरवरून ती साधणे बहुतेकांच्या हातचे नाही.

लांब फेकीची आणखी एक किंमत आहे, तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. नायलॉनची लाइन, म्हणजे आपले तंगूस, ताणाखाली लांबते. फ्लुरोकार्बन या दुसऱ्या प्रकारची लाइन ताणत नाही असा समज आहे, पण तीही ताणते. झटका देताना लाइन पाच टक्के लांबली असे धरले, तर १० मीटरवर अर्धा मीटर झटका वाया जातो, आणि ३५ मीटरवर पावणेदोन मीटर. रॉड मागे ओढून आपण फार तर दीड-दोन मीटर लाइन हलवतो, म्हणजे तेवढ्या लांब जवळजवळ सगळा झटका ताणातच जिरतो आणि गळ माशाच्या जबड्यात रुतत नाही. लांब फेकायचे असेल तर ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, लाइन वापरावी, कारण ती जवळजवळ ताणत नाही, किंवा पातळ तारेचे, सहज टोचणारे गळ वापरावेत. मासा लागल्याचे जाणवताच आधी वेगाने सैल लाइन गुंडाळून घ्यावी, आणि मग रॉड वर न उचलता बाजूला लांबवर ओढावी. क्रँकबेटचे तिहेरी गळ लहान आणि तीक्ष्ण असतात, म्हणून ते दुरूनही लागतात. जाड गळाचे जिग पस्तीस मीटरवर टाकणे मात्र मी टाळतो.

अंतर वाढवायचे कसे

पहिले काम स्पूल तपासण्याचे. स्पिनिंग रीलवर, म्हणजे फेकताना जिची स्पूल फिरत नाही त्या रीलवर, लाइन स्पूलच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली असेपर्यंत भरलेली हवी. ती सहा-सात मिलिमीटर खाली गेली, की फेकीच्या वेळी प्रत्येक वेढा काठावर घासत बाहेर पडतो आणि कित्येक मीटर अंतर नुसत्या घर्षणात जाते. ज्यांना फेक कमी पडते असे वाटते, त्यांच्यापैकी अनेकांच्या रीलवर लाइनच कमी भरलेली असते, आणि हा दोष दहा मिनिटांत दूर होतो.

दुसरे, लाइनची जाडी. ३० पौंडांचा ताण सोसणारी ब्रेडेड लाइन जाडीने साधारण ८ पौंडांच्या तंगुसाएवढी असते. हलक्या आमिषांना हा फरक ठळकपणे जाणवतो. जड आमिषांना तो तितका जाणवत नाही, म्हणून तेथे लाइन बदलण्याआधी बाकीच्या गोष्टी पाहाव्यात.

तिसरे, रॉड आणि आमिष यांचे जुळणे. रॉडवर किती वजनाची आमिषे चालतात ते छापलेले असते. १४ ते २८ ग्रॅमच्या रॉडवर ७ ग्रॅमचे आमिष लावले, तर रॉड वाकतच नाही, आणि न वाकलेली रॉड ताकद देत नाही. २.१ मीटरच्या रॉडऐवजी २.३ मीटरची घेतल्यास टोकाचा वेग वाढतो, मात्र ती नेमकेपणाने वापरायला अधिक सराव लागतो.

आता प्रत्यक्ष फेक. आमिष रॉडच्या टोकाला चिकटवून न ठेवता ३० ते ५० सेंटिमीटर खाली लोंबू द्यावे, म्हणजे मागे नेताना ते रॉडला वाकवते. रॉड मागे नेऊन क्षणभर थांबवावी, आमिषाचे वजन टोकावर आल्याचे हाताला जाणवू द्यावे, आणि मग दोन्ही हातांनी पुढे आणावी: वरचा हात ढकलतो, खालचा हात मुठीचे टोक पोटाकडे ओढतो. सुरुवात सावकाश आणि शेवट वेगवान असावा. सुरुवातीलाच झटका दिला तर रॉड अवेळी सुटते आणि आमिष गरगरत जाते. पूर्ण जोराऐवजी ऐंशी टक्के जोराने फेकलेले आमिष जास्त जाते, हे ज्याला पटत नसेल त्याने टेपजवळ उभे राहून दोन्ही प्रकारे फेकून पाहावे. हात सुटण्याचा क्षणही तितकाच महत्त्वाचा आहे. फार लवकर सोडल्यास आमिष उंच जाऊन अर्ध्यातच पडते, उशिरा सोडल्यास समोरच्या पाण्यात आपटते. पाठीवर वारा असेल तेव्हा थोडे उंच सोडावे. समोरून वारा असेल तेव्हा पाण्याला लागून, आटोपशीर आणि जड आमिष घेऊन फेकावे.

बेटकास्टिंग रीलवर ब्रेक लावायला शिकल्याशिवाय अंतर वाढत नाही. आमिष हवेत हळूहळू मंदावते, पण स्पूल आपल्या वेगात फिरत राहते. बाहेर जाणाऱ्या लाइनपेक्षा स्पूलने सोडलेली लाइन जास्त झाली, की स्पूलवर गुंता होतो. म्हणून आधी स्पूल घट्ट-सैल करणारे बाजूचे बटण असे लावावे, की अंगठा उचलल्यावर आमिष सावकाश खाली उतरेल आणि ते जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. मग ब्रेक बऱ्यापैकी कडक ठेवून सुरुवात करावी आणि दर पाच-सहा फेकींनंतर एक पायरी सैल करावा. अंगठा स्पूलला पिसासारखा टेकलेला असावा. आमिष पाण्याला लागण्याच्या क्षणी तो दाबून स्पूल थांबवायची. वाऱ्याच्या विरुद्ध फेकताना ब्रेक पुन्हा दोन पायऱ्या कडक करणे हिताचे, कारण तेथे आमिष लवकर मंदावते आणि गुंता तिथेच होतो.

आपले उपयोगी अंतर काढण्यासाठी

किती लांब फेकता येते यापेक्षा किती लांब नेमके टाकता येते हा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो काढायला अर्धा तास पुरतो. मैदानावर १०, १५, २० आणि २५ मीटरवर एकेक टोपली ठेवावी आणि प्रत्येकीकडे दहा फेकी कराव्यात. टोपलीपासून हातभर अंतराच्या आत पडलेल्या फेकी मोजाव्यात. दहापैकी सात फेकी जेथपर्यंत बसतात ते आपले उपयोगी अंतर. सुरुवातीला ते १५ मीटर निघाले तर त्यात कमीपणा मुळीच नाही. होडी किंवा पाय त्यानुसार जवळ न्यावेत, आणि दर महिन्याला पुन्हा मोजावे.

एक गोष्ट मात्र त्यात मिळवायला हवी. बास ज्या बुंध्यापाशी असावा असे वाटते, नेमके त्याच्यावर आमिष टाकायचे नसते. दोन-तीन मीटर पलीकडे टाकून ते त्याच्या बाजूने ओढत आणायचे असते, म्हणजे पडण्याचा आवाज माशाच्या डोक्यावर होत नाही. त्यामुळे १८ मीटरवरच्या बुंध्यासाठी २१ मीटरची फेक लागते, आणि होडी कोठे थांबवायची हे त्या २१ मीटरवरून ठरवायचे असते.

एकदा अंतर कळले की ते लाइनवरच नोंदवून ठेवता येते. टेपजवळ लाइन ओढून २० मीटरवर आणि ३० मीटरवर काळ्या पक्क्या शाईच्या पेनने बोटभर लांबीच्या खुणा कराव्यात. २० वर एक, ३० वर दोन. उजळ रंगाच्या लाइनवर त्या लगेच दिसतात. काही उन्हांनंतर त्या पुसट होतात, तेव्हा पुन्हा ओढाव्यात. आमिष परत येताना दोन खुणांची जोडी रॉडच्या कड्यांमधून सरकली, मग एकटी खूण आली, आणि त्यानंतर हँडलच्या चौथ्या फेऱ्याला मासा लागला, तर तो आपल्यापासून साधारण १७ मीटरवर होता हे तिथल्या तिथे कळते. मासा होडीत घेतल्यावर पुढची फेक तीस मीटरवर टाकून पूर्ण पाणी पुन्हा चाळण्याची गरज उरत नाही. वीस मीटरची खूण बाहेर जाताच अंगठा टेकवावा आणि आमिष त्याच जागेच्या दोन-तीन मीटर पलीकडे उतरू द्यावे.